एमएक्स-५ चं गिअर ऑइल आणि क्राऊन ऑइल घरी बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९६ ची माझदा एमएक्स-५ आहे. १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, कापडी छत. राहायला मी लेस्टरला, आणि गॅरेज इतकं अरुंद की गाडी आत घेतली की दार उघडून पोट आत ओढूनच बाहेर पडावं लागतं. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण परदेशात आलेली आपली बरीच मंडळी पहिली हौसेची गाडी म्हणून हीच घेतात. जुनी मिळते, परवडते, आणि मागच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे चालवायला मजा येते. मग कधीतरी फोन येतो, "अरे, सेकंड गिअर कुरकुरतोय, काय करू?" तेच ते उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

खालचे आकडे पहिल्या दोन पिढ्यांचे आहेत. १९८९ मध्ये आलेली, डोळे मिचकावणारी, म्हणजे वर उघडणाऱ्या दिव्यांची, एनए आणि १९९८ पासून २००५ पर्यंतची एनबी. त्यानंतरच्या गाड्यांना ते लावू नका.

ही ऑइलं आयुष्यभर चालतात असं ऐकलंय. मग बदलायची कशाला?

इंजिन ऑइलला फिल्टर असतो. या गाडीच्या गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला नाही. दात घासून जो बारीक किस निघतो तो कुठेच जात नाही, त्याच ऑइलमध्ये फिरत राहतो आणि पुन्हा दातांमध्येच येतो. त्यात ऑइल तरी किती? डिफरन्शियलमध्ये जेमतेम एक लिटर. इंजिनाची सगळी ताकद त्या एका लिटरात बुडालेल्या दोन गिअरांतून चाकांकडे जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत ते ऑइल कधी बदललं होतं हे आधीच्या मालकालाही आठवत नसतं. अशी गाडी घेतली की मी तरी पहिल्याच महिन्यात दोन्ही बदलतो.

डिफरन्शियल म्हणजे आपल्याकडे ज्याला क्राऊन म्हणतात तेच ना?

तेच. आपले मिस्त्री आतल्या मोठ्या चकतीच्या नावाने अख्ख्या डब्याला क्राऊन म्हणतात. गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट एका छोट्या पिनियनला फिरवतो आणि पिनियन त्या मोठ्या क्राऊन चाकाला. १.६ लिटरच्या एनएमध्ये पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४३, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ४.३ फेरे. शिवाय वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू देणं हे डिफरन्शियलचं दुसरं काम.

ऑइलच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर लागत नाही, थोडा खाली लागतो. याला हायपॉइड रचना म्हणतात. त्यामुळे शाफ्ट खालून जातो, गाडी बुटकी होते आणि आवाजही कमी येतो. पण दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतात. पाटा-वरवंट्यावर वाटण करताना वरवंटा गोल फिरवत नेला तर वेगळं, दाबून पुढे सरकवला तर वेगळं. इथे दुसरा प्रकार आहे. इतक्या दाबाखाली घसरताना साधं ऑइल दातांमधून पिळून बाहेर निघतं आणि लोखंडावर लोखंड येतं.

जीएल-४ घ्यायचं की जीएल-५? दुकानात दोन्हींवर ७५डब्ल्यू-९० लिहिलेलं आहे.

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

जीएलचा आकडा ऑइलच्या जाडीचा नाही, त्यात घातलेल्या रसायनांचा आहे. वर सांगितलेला हायपॉइडचा दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दातांचा पृष्ठभाग तापला की ती लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात, आणि झिजतो तो थर, दात नाही. जीएल-५ मध्ये ही रसायनं भरपूर, जीएल-४ मध्ये साधारण निम्मी. गिअर ऑइलच्या बाटलीचं बूच उघडल्यावर नाकात जाणारा कुजकट वास या गंधकाचाच. माझं एक जुनं जॅकेट चार वेळा धुऊनही त्या वासातून सुटलं नाही. बायकोने ते शेवटी शेडमध्ये टांगलं, आणि आता ते 'ऑइलचं जॅकेट' म्हणूनच नांदतंय.

तर डिफरन्शियलला जीएल-५ च. तिथे काटकसर नाही, चर्चाही नाही.

गिअरबॉक्सची गोष्ट निराळी. गिअर टाकताना दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग एका वेगावर आणायचं काम सिंक्रो रिंगा करतात. त्या पितळी असतात आणि घर्षणावर चालतात. सायकलच्या ब्रेकसारखंच, चिमटीत धरून वेग कमी करायचा. ऑइल फार निसरडं असलं तर रिंग पकडच घेत नाही, घसरत राहते, आणि गिअर जाताना 'खर्र' होतं. शिवाय काही जीएल-५ ऑइलांतली गंधकाची संयुगं गरम झाल्यावर पितळ-तांब्यासारख्या पिवळ्या धातूला खातात. नव्या जीएल-५ मध्ये हा दुसरा त्रास बराच कमी झालाय. पहिला मात्र आहेच.

माझदाच्या मॅन्युअलमध्ये या गिअरबॉक्सला जीएल-४ किंवा जीएल-५ दोन्ही चालेल असं लिहिलंय. त्यामुळे कोणी जीएल-५ घातलं म्हणून गिअरबॉक्स उद्या फुटणार नाही. पण 'चालेल' आणि 'आवडेल' यात फरक आहे. मी दोन्ही वापरून पाहिलीत. जीएल-४ वर थंडीतला दुसरा गिअर स्पष्टपणे मऊ जातो. म्हणून माझ्याकडे दोन वेगळ्या बाटल्या असतात, आणि बाटल्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात 'गिअर' आणि 'क्राऊन' लिहिलेलं असतं. गाडीखाली पडल्यावर लेबलं वाचता येत नाहीत.

७५डब्ल्यू-९० हे इंजिनाच्या १०डब्ल्यू-४० पेक्षा दुप्पट जाड असतं का?

नाही. दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (जाडी मोजायचं एकक) असतं आणि ४० नंबरचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३. म्हणजे जवळजवळ भाऊ-भाऊच. आकडे मुद्दाम लांबचे ठेवलेत, इंजिनात कोणी गिअर ऑइल ओतू नये म्हणून.

पहिला आकडा थंडीतला. ७५डब्ल्यू हे ८०डब्ल्यू पेक्षा गारठ्यात लवकर हलतं. इंग्लंडच्या जानेवारीत गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० हवंच. दुबईत राहणाऱ्याने ८०डब्ल्यू-९० घातलं तरी बिघडत नाही. मॅन्युअल १० अंशांच्या वर ते चालेल म्हणतं.

किती ऑइल लागेल?

पाच गिअरच्या बॉक्सला २ लिटर. एनबीच्या काही गाड्यांत सहा गिअरचा बॉक्स येतो, त्याला १.७५ लिटर.

डिफरन्शियल दोन आकारांचं आहे. १.६ च्या सुरुवातीच्या एनएमध्ये लहान, त्यात ०.६५ लिटर. १.८ च्या गाड्यांत मोठं, त्यात १ लिटर. एक लिटरची बाटली आणून सगळी रिकामी करायचा प्रयत्न करू नका. भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की भरलं. आणि गिअरबॉक्ससाठी अडीच लिटर आणा, कारण थोडं सांडतंच, आणि थोडं पुढे टरेटला, म्हणजे गिअर लिव्हरच्या बुडाच्या वाटीला, लागणार आहे.

माझ्या गाडीत एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं) आहे. वेगळं ऑइल लागेल का?

कुठल्या प्रकारचं आहे त्यावर. सुरुवातीच्या गाड्यांत व्हिस्कस प्रकार आहे. त्यातला सिलिकॉन द्रव आतल्या बंद डब्यात असतो, तो तुमच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि ऑइलबरोबर बदललाही जात नाही. १९९४ पासून टॉर्सन आलं, ते निव्वळ गिअरांवर चालतं. दोन्हींना साधं जीएल-५ पुरतं, वरून काही मिसळायची गरज नाही. क्लचच्या चकत्यांचं एलएसडी कोणी नंतर बसवून घेतलं असेल तर मात्र एलएसडीसाठीचंच ऑइल घ्या. नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट आवाज येतो.

ओळखायचं असेल तर मागची दोन्ही चाकं वर घ्या, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं, त्याच दिशेने फिरलं तर बहुधा व्हिस्कस. टॉर्सनला ही परीक्षा लागू पडेलच असं नाही.

हत्यारं काय लागतात?

२४ मिलिमीटरचा गोटी पाना आणि रिंग पाना. डिफरन्शियलच्या प्लगला काही गाड्यांत २३ चा लागतो, म्हणून दोन्ही ठेवा. फिरता पाना, म्हणजे तो ढिला-घट्ट करायचा स्क्रूवाला, आणूच नका. लांब दांडा, टॉर्क रेंच, पसरट भांडं, हातपंप किंवा नळी-फनेल, नवे वायसर, भरपूर चिंध्या. मांजराची वाळूही घेऊन ठेवा. सांडलेलं ऑइल तिच्याइतकं छान दुसरं काही शोषत नाही.

गाडी उचलायची कशी?

चारही चाकं वर आणि गाडी सपाट. नुसती पुढून किंवा मागून उचलली तर ऑइलची पातळी खोटी दिसते. गाडी तिरकी असेल तर गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी असूनही ते भोकातून ओघळतं आणि आपण खुश होतो.

ट्रॉली जॅक पुढे मधल्या आडव्या बीमखाली, मागे डिफरन्शियलच्या डब्याखाली लाकडाचा तुकडा ठेवून. गाडीच्या पोटातून गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी जी जाळीदार ॲल्युमिनियमची पट्टी दिसते, तिला जॅक लावायचा नाही. ती माझदाने दोन्ही डबे एकमेकांना जखडून ठेवण्यासाठी दिलीय. गिअर टाकताना आणि ॲक्सिलरेटर दाबताना गाडी जी लगेच उत्तर देते त्यात तिचा मोठा वाटा आहे. वाकवलीत तर रडाल.

इंग्लंडातल्या गाड्यांना आणखी एक दुखणं: मागच्या चाकापुढची सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची कड, गंजलेली असते. वरून रंग छान, पण घोडी (जॅक स्टँड) लावली की पापडासारखी आत जाते. आधी बोटाने दाबून, टिचकी मारून बघा.

आणि नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जायचं नाही. चार घोड्या लावा, मग गाडीला खांद्याने चांगला धक्का द्या. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

आधी कुठला प्लग उघडायचा?

वरचा. भरायचा. नेहमी. गिअरबॉक्स असो की डिफरन्शियल.

माझे काका कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मिस्त्री होते. त्यांचं वाक्य होतं, "आधी तोंड उघड, मग बूड." लहानपणी शंभरदा ऐकलं होतं, आणि इथे स्वतःची गाडी घेतल्यावर पहिल्याच वेळी विसरलो. रविवारी दुपारी गिअरबॉक्सचा खालचा प्लग सोडला, काळंभोर ऑइल भांड्यात घेतलं, मस्त वाटलं. मग वरच्या प्लगला पाना लावला तर पाना गोल फिरला. प्लग जागचा हलला नाही. टॉर्च धरून पाहिलं तर आधी कुठल्यातरी गॅरेजात कोणीतरी त्याचे सहाही कोपरे गोल करून ठेवले होते. त्यांनी काय केलं असेल हे लगेच कळलं: खालून सोडलं, वरचा कोपरे गोल करत कसाबसा उघडला, जमेल तसं थोडं भरलं आणि गाडी दिली. कारण भांड्यात दोन लिटर नव्हतंच, नंतर मोजलं तर सव्वा लिटर निघालं.

रविवारी मोठी दुकानं चारला बंद. सोमवारी ऑफिसला बसने गेलो, मंगळवारीही. बुधवारी एक वेल्डर घरी आला, त्याने त्या गोल प्लगवर एक मोठा नट वेल्ड केला, आणि तापलेला प्लग पाना लावताच सुटला. माझं ऑइल जितक्याचं होतं त्याच्या दुप्पट त्याचे पैसे झाले.

वरचा प्लग खरोखरच हलत नसेल तर?

खालच्याला हात लावू नका. गाडी अजून चालती आहे, ती चालती राहू द्या.

मग हे करून बघा. प्लगच्या कडेला तारेच्या ब्रशने माती काढा. गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर सोडा. सकाळी पाना नीट पूर्ण आत बसवून हातोडीने पान्याच्या टोकावर छोटे छोटे ठोके द्या. एकदम जोर लावण्यापेक्षा ठोक्यांनी आटे लवकर सुटतात. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं आणि प्लग लोखंडाचा, त्यामुळे गाडी गरम असताना अंग जास्त प्रसरण पावतं आणि प्लग जरा सैल होतो. पंधरा-वीस मिनिटं चालवून आणून लगेच प्रयत्न करण्यात हाही फायदा आहे.

गरम ऑइल काढायचं की थंड?

कोमट. गार असेल तर मधासारखं चिकट धारेने येतं, आणि तळाचा गाळ तिथेच बसून राहतो. फार गरम असेल तर मनगटावरून बाहीत शिरतं, तेव्हा कळतं. एक्झॉस्ट पाइप गिअरबॉक्सला लागूनच जातो, आणि त्याचा चटका ऑइलपेक्षा वाईट.

नवीन ऑइल वर कसं चढवायचं? भोक तर बाजूला आहे.

गिअरबॉक्सला सोपी युक्ती अशी: बॉनेट उघडून इंजिनाच्या मागच्या बाजूने एक लांब पारदर्शक नळी खाली सोडा, तिचं टोक भरायच्या भोकात घाला, आणि वर फनेल लावून ओता. गुरुत्वाकर्षण बाकीचं बघतं. दुसरा माणूस खाली असेल तर उत्तम. माझ्याकडे हे काम मुलाकडे आहे. तो खालून "येतंय, येतंय, थांब बाबा" एवढंच ओरडतो.

डिफरन्शियलला वर जागा नाही, तिथे हातपंप.

थंडीत बाटल्या आधी बादलीभर गरम पाण्यात अर्धा तास उभ्या करून ठेवा, बूच घट्ट लावून. पाच अंशांवर असलेलं गिअर ऑइल पंपातून ढकलायचं म्हणजे करंगळीएवढ्या नळीतून काकवी काढण्यासारखं आहे. मनगटं सुजतात.

भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं आणि बारीक धार लागली की थांबा. धार थेंबांवर आली की प्लग लावा. शंका असेल तर करंगळी आत घालून वाकवा, टोकाला ऑइल लागलं पाहिजे.

प्लग किती घट्ट करायचे?

पाच गिअरच्या बॉक्सला भरायचा प्लग २५ ते ३९ न्यूटन-मीटर, खालचा ४० ते ५८. डिफरन्शियलचे ४० ते ५३. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की मग वेगळीच कथा सुरू होते, म्हणून "अजून थोडं" हा मोह टाळा.

निघालेल्या ऑइलवरून काय कळतं?

बरंच. मी भांड्यातलं ऑइल उन्हात नेऊन बघतो, आणि शेजारीण रोज काहीतरी नवीन वेड म्हणून बघते.

खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असतो. बोटाने चोळला तर काजळासारखा पसरतो, खडा लागत नाही. हे ठीक आहे, इतक्या वर्षांचा किस आहे तो. नखाएवढे चकचकीत तुकडे किंवा दाताचं टोक दिसलं तर ऑइल बदलून उपयोग नाही, डबाच उघडावा लागणार. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये सोनेरी चमचम दिसली तर सिंक्रो रिंगांचं पितळ झिजतंय. थोडी चमक जुन्या बॉक्सला असतेच, पण हळदीकुंकवाच्या पाण्यासारखं झगमगत असेल तर समजून जा.

दुधाळ, चहात दूध जास्त झाल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. डिफरन्शियलच्या डोक्यावर हवा जाण्यासाठी एक छोटा श्वासमार्ग असतो. तापलेला डबा एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. तोच मार्ग चिखलाने बुजला तर उलटं होतं: आत दाब वाढतो आणि ऑइल रबरी सीलांमधून बाहेर ढकललं जातं. सील बदलण्याआधी तो मार्ग मोकळा आहे का ते बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

ऑइल बदललं तरी गिअर लिव्हर जड आणि खरबरीत लागतो. आता काय?

टरेट! पाच गिअरच्या गाडीतली ही जागा जवळजवळ प्रत्येकजण विसरतो, गॅरेजवालेसुद्धा.

गिअर लिव्हरचं खालचं टोक ज्या वाटीत बसतं त्या वाटीला स्वतःचं वेगळं ऑइल असतं, सुमारे ८० मिलिलिटर. खालच्या दोन लिटरांशी त्याचा संबंध नाही. खालून कितीही ऑइल बदला, या वाटीत एक थेंब पोचत नाही. वाटीवर एक रबरी बूट असतो, तो दहा-पंधरा वर्षांत फाटतो. मग वाटीतलं ऑइल आटतं, आणि गिअरबॉक्सवरच्या बोगद्यातली गरम हवा फटीतून थेट गाडीत येते. उन्हाळ्यात गिअरचा गोळा हाताला चटका देत असेल किंवा रस्त्याचा आवाज मधूनच मोठा येत असेल, तर बूट फाटलाच म्हणून समजा.

हे काम गाडी न उचलता, सीटवर बसून होतं. गोळा फिरवून काढा, मधला कन्सोल काढा, वरचा जाड रबर काढा. खाली लिव्हरभोवती १० मिलिमीटरचे बोल्ट आहेत, ते सोडले की लिव्हर सरळ वर उचलून येतो. त्याच्या टोकाला एक नायलॉनची टोपी असते, अंगठ्याच्या टोकाएवढी. ती निसटून वाटीत पडू देऊ नका. माझी पडली होती. स्वयंपाकघरातला चिमटा गुपचूप आणून काढली, आणि तोही आता शेडमध्येच असतो.

वाटीत काय दिसेल ते सांगतो. माझ्या गाडीत तळाशी तपकिरी, चिकट, हलव्याच्या करपलेल्या खरवडीसारखं काहीतरी होतं. पातळ असं काहीच नव्हतं. चिंधीने पुसून, इंजेक्शनच्या सिरिंजने उरलंसुरलं ओढून, नवी टोपी आणि नवे बूट घालून ८० मिलिलिटर तेच जीएल-४ भरलं. लिव्हर परत बसवला आणि पहिला-दुसरा-तिसरा गिअर नुसताच उभ्या गाडीत टाकून बघितला. तुपात सुरी फिरल्यासारखा गेला. हे सगळं दोन तासांचं आणि थोड्याच पैशांचं काम, पण रोज हाताला जाणवणारा फरक दुसऱ्या कुठल्याच कामात इतका नाही.

तरीही सकाळी थंडीत सेकंड गिअर अडतो.

या बॉक्सचा तो स्वभाव आहे. पहिली दोन-तीन किलोमीटर घाई करू नका, लिव्हर न्यूट्रलवर क्षणभर थांबवून मग आत टाका. काकांच्या काळातल्या ट्रकवाल्यांसारखं डबल क्लच (न्यूट्रलवर क्लच सोडून पुन्हा दाबणं) मारता येत असेल तर फारच छान. ऑइल तापल्यावरही अडत असेल तर मात्र रिंग झिजलीय. ऑइल हे औषध नाही, आणि बाटलीतलं कुठलंही जादूचं मिश्रण घासलेलं पितळ परत आणत नाही.

मागून घूं घूं आवाज येतो. ऑइल बदललं की जाईल?

कमी असलेलं ऑइल भरल्यावर गेला तर नशीब. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो आणि सोडल्यावर बदलतो, असा आवाज पिनियन-क्राऊनचा. दोन्ही वेळी सारखाच घरघरत असेल आणि लांब वळणावर एका बाजूला वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. आवाज दाबायला १४० नंबरचं जाड ऑइल घालायची युक्ती जुनी आहे. गाडी विकताना वापरतात. घेताना लक्षात ठेवा.

माझी ऑटोमॅटिक आहे.

मग गिअरबॉक्सबद्दलचं वरचं काहीच लागू नाही, त्याला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल) लागतं आणि पातळी डिपस्टिकवर बघतात. डिफरन्शियलचं सगळं तसंच.

किती दिवसांनी बदलायचं?

मी दर ३०,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४८,००० किलोमीटरला, किंवा पाच वर्षांनी बदलतो. ट्रॅकवर नेत असाल तर वर्षातून एकदा. जुनी गाडी नव्याने घेतली असेल तर आधी एकदा बदला, आणि निघालेलं फार घाण असेल तर हजारभर मैलांनी पुन्हा. त्या दुसऱ्या खेपेला तळात चिकटून राहिलेलं निघून येतं.

पुण्यात माझ्या भावाची जुनी थार आहे. त्याला यातलं काय उपयोगी?

वरचा प्लग आधी, गाडी सपाट, क्राऊनला जीएल-५: हे तिन्ही नियम मागच्या चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही गाडीचे. ऑइलचे आकडे त्याच्या मॅन्युअलमधून घ्यायला सांगा. थार चारही चाकांवर चालणारी असेल तर तिला मागे-पुढे दोन क्राऊन आणि मधे ताकद वाटणारी ट्रान्सफर केसही आहे, मिस्त्री 'झालं' म्हणाला की तिन्हींचे प्लग ओले, म्हणजे खरंच उघडलेले, दिसतायत का बघायचं. आणि पावसाळ्यात ओढ्यातून, नाल्यातून गाडी घालत असेल तर दिवाळीआधी एकदा क्राऊनचा प्लग नुसता सैल करून ऑइलचा रंग बघायचा. दुधाळ असेल तर लगेच बदलायचं, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघायची नाही.

जुन्या ऑइलचं काय करू?

ज्यांतून नवीन आणलं त्याच बाटल्यांत भरून पालिकेच्या कचरा केंद्रावर द्या. इंग्लंडात जुन्या ऑइलसाठी तिथे वेगळी टाकी असते. कूलंट किंवा ब्रेक ऑइल त्यात मिसळू नका, मग ते कोणी घेत नाही. गटारात ओतणं गुन्हा आहे. आपल्याकडे गावी वासे आणि दारांना वाळवी लागू नये म्हणून काळं ऑइल फासतात, तेही मी बंद करायला लावलं. पावसात ते धुपून विहिरीकडेच जातं.

सगळं झालं. लगेच लांब फेरी मारू का?

आधी दहा मिनिटं घराभोवती. प्रत्येक गिअर वर-खाली टाकून बघा, रिव्हर्सही. परत आल्यावर खाली वाकून चारही प्लगवरून कोरडा टिश्यू फिरवा. मग गाडीखाली एक पुठ्ठा पसरा, पुढच्या बाजूला पेनाने खूण करा म्हणजे थेंब गिअरबॉक्सचा की क्राऊनचा ते कळेल, आणि झोपा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर चावी घ्या. एखादा थेंब असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. कुजकट आला तर आपलं, नाहीतर इंजिनाचं, म्हणजे पुढच्या रविवारचं काम.